ठोक्याचा कान

ठोक्याला सगळे ठोक्याच म्हणत, आणि त्याला त्याचा राग येत नसे. उभा जन्म त्याने गाड्यांची चाकं ठोकण्यात घालवला होता. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन हा एकेका चाकावर टोला द्यायचा. चाक धडधाकट असलं तर टण्ण वाजे, तडा असला तर नुसतं बद्द. त्याच्या एका शब्दावर भरलेल्या गाड्या अडून राहिल्या आहेत, आणि भलेभले साहेब मुकाट्याने घड्याळाकडे बघत उभे राहिले आहेत.

निवृत्तीनंतर तो रेल्वे संग्रहालयात लागला. जुन्या दुरुस्ती शेडमध्ये सात इंजिनं आणि अकरा डबे, सगळे जागच्या जागी. रोज सकाळी दार उघडण्याआधी तो सगळ्या चाकांवर टोले देई आणि वहीत ‘ठीक’ लिहून सही करी. न हलणाऱ्या गाड्यांची चाकं कशाला तपासतोस, असं कुणी विचारलं तर म्हणे, “तुम्ही घरी बसलात तरी तोंड धुताच ना?”

पण पहिल्याच दिवशी त्याच्या काळजात चर्र झालं होतं. चाकं बद्द वाजली. सगळीच्या सगळी. इतकी चाकं एकदम तडकत नाहीत, हे कुणीही सांगेल. म्हणजे गेला तो आपला कान! बारीक आवाज आधी जातात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. डॉक्टरकडे जायची छाती झाली नाही. बायकोला तेवढं सांगितलं, आणि तेव्हापासून ती बिचारी ओरडून बोलायला लागली. घरातली साखर संपली की शेजारच्या चार घरांना आधी कळायचं. वहीत मात्र नऊ वर्षं ‘ठीक’ पडत राहिलं. गाड्या हलत नव्हत्या, कुणाचं काय बिघडत होतं?

मग व्यवस्थापक बाईंच्या डोक्यात आलं. रविवारी छोट्या इंजिनाला लाकडी डबा जोडायचा आणि माणसं बसवून शेडपासून झाडांपर्यंत अर्धा किलोमीटर फिरवायचं. इंजिन तयार होतं. “काका, तुम्ही ठीक म्हणालात की डबा निघाला,” बाई म्हणाल्या. त्यांचा विश्वास ऐकून ठोक्याला घाम फुटला.

शुक्रवारी त्याने डब्याची आठही चाकं ठोकली. बद्द, बद्द, बद्द. वही उघडून तो डब्यातच जाऊन बसला. समोरच्या बाकावर तिकीट खिडकीवरच्या मुलीने चिठ्ठी चिकटवली होती : ‘ही खिडकी माझ्या आईसाठी.’ ठोक्याने ती दोनदा वाचली. पेन खिशात घातलं, हातोडी उचलली आणि तडक ऑफिस गाठलं.

तिथे बाईंबरोबर जुना इंजिन ड्रायव्हर चहा पीत बसला होता. ठोक्याने हातोडी टेबलावर ठेवली.

“बाई, मला चाक ऐकू येत नाही. नऊ वर्षं मी खोट्या सह्या करतोय. दुसरं कुणी बघा.”

ड्रायव्हरने कप खाली ठेवला.

“ठोक्या, ब्रेक कुणी सोडला होता?”

“कसला ब्रेक?”

“अरे, इथे सगळ्या गाड्यांचे ब्रेक कायम आवळलेले असतात! हाताने दाबून धरलेलं ताट कधी वाजेल का?”

फलाटावर ठोक्याला ब्रेकची फिकीर कधी करावीच लागली नव्हती. तो पोचायच्या आत दुसऱ्या कुणीतरी तो सोडलेला असे.

तिघंही शेडमध्ये गेले. चाकांखाली लाकडी ओंडके नीट बसवून ड्रायव्हरने डब्याचा ब्रेक सोडला. ठोक्याने टोला दिला.

टण्ण!

म्हातारा रडला. कुणी काही म्हणो, ढसाढसा रडला. मग नाक पुसून पुढे सरकला. पाचव्या चाकापाशी थांबला, पुन्हा ठोकलं, मान वाकडी केली.

“इथे बारीक खरखर आहे. काहीतरी सैल असणार.”

ड्रायव्हरला काहीच ऐकू आलं नव्हतं. वाकून बघितलं तर ब्रेकच्या दांड्याचा एक बोल्ट ढिला. तो आवळला, ठोक्याने पुन्हा ठोकलं आणि समाधानाने मान हलवली.

“मागच्या सह्यांचं आपण नंतर बोलू,” बाईंनी वही पुढे केली. “आजची करा.”

त्याने ‘ठीक’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी घरात पाऊल टाकतो तोच आतून आरोळी आली, “चहा ठेवू काऽऽ?”

“ओरडू नकोस. ऐकू येतं मला. कान शाबूत आहे.” त्याने सगळं सांगितलं.

“म्हणजे नऊ वर्षं मी उगाचच घसा फोडला?” ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भांडण जुंपणार म्हणून तो तयारीत बसला. ती मात्र चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली.

मग अगदी हळू, लग्नानंतरच्या दिवसांत बोलायची तशी, म्हणाली, “अहो.”

“काय?”

“काही नाही,” ती म्हणाली. “बघितलं.”