छावनीवरच्या सात ताडपत्र्या

धुळाजी तात्या फौजेत सतरा वर्षं होते. बंदूक चालवायचं न्हाई, आलेलं सामान तपासायचं काम. लोक हसतेत, मी न्हाई हसत. नववीत शाळा सोडली तवा समद्यांनी शिव्या घातल्या. तात्यांनी तेवढं मला जनावरांच्या छावनीवर कामाला लावलं. त्यांना कोन वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. पर त्या दिवशी मलाच काई कळंना.

दुष्काळात आष्टीजवळ आमच्या दूध सोसायटीनं जनावरांची छावनी काढलती. सावलीसाठी सात ताडपत्र्या आनल्या. हिरव्यागार, वर 'मिल्ट्री' छापलेलं. चेअरमन बबनराव म्हनले, "तात्या, तुमच्या घरचाच माल. मारा सही."

तात्यांनी एक ताडपत्री उचलली, भिजवली, एकाच घडीवर चाळीस बार मोडली. मंग कोपऱ्यातल्या कडीला दगड बांधून लटकवली. जरा वेळानं कडी कापडाचा तुकडा घिऊन खाली.

"सातीबी नापास. एकाच गठ्ठ्यातला माल," तात्या म्हनले.

"अवो, फाडली तुमी एक," बबनराव म्हनले. "सहा धड हायत की."

मलाबी तेच वाटत हुतं. "तात्या, रंग फौजेतलाच, जाडीबी तीच. मंग कावून?"

"दुकानातली घेनारा जपून वापरतो बे, मनून टिकती. फौजेत कोन जपतंय? चिखलातून वढायची, वलीच गुंडाळायची, बांधनारा रोज नवा. तरी फाटू ने. तिथं फाटली तर दुसरी भेटत न्हाई."

शेजारीच कडूबाई आपल्या म्हशीवर वलं पोतं टाकीत हुत्या. म्हैस सकाळपून उन्हात बसलेली, तोंडाला फेस.

"इथं कुठं भेटतीय दुसरी?" त्या म्हनल्या. "तुमची परीक्षा चालू द्या तात्या, पर त्या परीक्षेला माझी म्हैस कावून बसवली?"

कोन खरं बोलतंय, मला ठरवता येईना. दोघंबी खरंच बोलत हुते, आन् म्हैस धापा टाकीत हुती.

तात्यांनी 'नामंजूर' लिहून कागद बबनरावच्या हातात दिला. मंग दुसरी ताडपत्री घेतली. कडीला हात न्हाई लावला. कोपऱ्यात एक गोटा गुंडाळला, त्या गाठोड्याच्या मानेला दोरी आवळली आन् ती बांधायला म्हशीजवळच्या बांबूवर चढले.

"मंग आता पास का?" मी इचारलं.

"न्हाई. धर तिकडून."

मी धरली.