गुंड्याचं चिकन शेजारी शिजतं

घरात कुत्रा आला की केस साठतात, हे सगळे सांगतात. किस्से साठतात हे कुणी सांगत नाही. केस निदान झाडून टाकता येतात. आमच्या गुंड्याचे किस्से मात्र भवानी पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर फिरतात, आणि कुत्रा आमचा असूनही प्रत्येक किश्श्यात कौतुक होतं ते समोरच्या पद्माक्काचं. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगावेत.

*

गुंड्या पॉमेरियन. मोठ्या कोबीच्या गड्ड्याएवढा. दूध-भाकरी खाऊन मलूल पडायला लागला म्हणून डॉक्टरांकडे नेला. आम्ही लिंगायत. घरात केक आला तरी आधी डब्यावरचा हिरवा ठिपका शोधतात. डॉक्टर म्हणाले, "चिकन द्या. उकडलेलं, हाड-कातडं काढून. मीठ नको, तिखट नको. कांदा-लसूण तर विषच समजा."

आमच्या ह्यांनी जरा विचार केला. "त्याऐवजी सोयाबीन चालेल का?"

"मला चालेल," डॉक्टर म्हणाले. "त्याला विचारून बघा."

*

घरी सासूबाईंनी निकाल दिला. "कुत्र्यानं खाऊ दे की. पण माझ्या भांड्यात न्हाई, माझ्या गॅसवर न्हाई, माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाई."

समोरच्या दारात पद्माक्का उभीच होती. तेलुगू घर, नवरा टॉवेलच्या कारखान्यात, मटण-मासे नेहमीचे. "माझ्याकडं शिजंल की वैनी, त्यात काय?"

मला हायसं वाटलं. फार टिकलं नाही. बिनमिठाचं अन्न कुणापुढे ठेवायचं आक्काच्या जिवावर आलं. पहिल्याच दिवशी तिने प्रेमाने चिमूटभर काळं तिखट आणि ठेचलेला लसूण टाकला. गुंड्याने ताटली चाटूनपुसून लख्ख केली आणि घरी येऊन आमच्या हॉलमधली नवी सतरंजी खराब केली. जेवण तिकडं आणि बाकीचं सगळं इकडं, ही वाटणी त्या दिवशी ठरली.

*

चिकन आणायचं काम ह्यांच्याकडे. समाजातल्या कुणी बघू नये म्हणून हे हेल्मेट न काढता दुकानात उभे राहायचे. एरवी गाडीवर बसतानाही हेल्मेट घालत नाहीत. एकदा शेजारी दुसरं हेल्मेट येऊन उभं राहिलं. आवाजावरून ओळखलं, आमचे थोरले चुलत दीर!

"तू हितं कसा?" दिरांनी विचारलं.

"कुत्र्यासाठी. शंभर ग्रॅम, बोनलेस."

"मी पण कुत्र्यासाठीच," दीर म्हणाले आणि दीड किलो, तंगड्यांसकट, पिशवीत घालून निघाले.

त्यांच्याकडे कुत्रा नाही.

*

आता खरं सांगते. मी दिवसभर शाळेच्या ऑफिसात असते, हे दुकानात. संध्याकाळी मी आले की गुंड्या शेपूट हलवायचा, नाही असं नाही. पण कर्तव्य उरकल्यासारखं हलवायचा आणि आक्काच्या दाराकडे पळायचा. मी पनीर दिलं, तुपातला शिरा दिला. वास घेऊन सोडून दिलं. माझा नुसता जळफळाट! औषध मी पाजायचं, आंघोळ मी घालायची, चावे मी खायचे आणि लाड तिकडे.

पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "कलेजी रोज नको. आठवड्यातून एखाद्या वेळी, चवीपुरती." आक्का रोज देत होती. मला इतका आनंद झाला की घरी न जाता थेट तिच्या दारात गेले. "आक्का, कलेजी बंद. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अय्यो. बरं, बंद." मग खाली बघून हसली. "पण ते कलेजीसाठी येत न्हाई, वैनी."

मला तिचा इतका राग आला की जेवण गोड लागलं नाही.

*

रविवारी आक्काच्या नवऱ्याने गुंड्याच्या ताटलीत मटणाची नळी टाकली. मी ती ताटलीतून काढलीच. शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं, चरबीने एवढ्याशा जिवाचं पोट बिघडतं, मटण द्यायचंच तर चरबी काढून, उकडून, थोडंसं. डॉक्टरांचं सगळं म्हणून दाखवलं.

"मग तुमी काय देता त्याला, वैनी?"

"प्रेम," मी म्हटलं.

त्याने गुंड्याकडे नीट बघितलं. "म्हणून वाळलंय व्हय."

*

मग आक्का भाचीच्या लग्नाला गेली आणि गुंड्याने खाणं सोडलं. मी मनात म्हटलं, हीच वेळ आहे. रजा काढली. दाराबाहेर पॅसेजमध्ये जुनी शेगडी, जुनं पातेलं मांडलं आणि नाकाला ओढणी बांधून जन्मात पहिल्यांदा चिकन उकडलं. सासूबाई आत पाठ फिरवून बसल्या आणि जपाचा आवाज त्यांनी वाढवला.

गार करून ताटलीत वाढलं. गुंड्याने वास घेतला, ताटली पायाने सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मला रडू आलं. तो उपाशी होता म्हणून नव्हे. तो माझ्या हातचं खात नव्हता म्हणून. "काय घातलंय रे तुला त्या बाईनं?" मी ओरडलेच.

आतला जप थांबला. सासूबाई बाहेर आल्या, फरशीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी ताटलीत हात घातला. चिकनचे धागे सोडवले, बोटांनी चुरले, हाडाची कणी राहिली का ते अंगठ्याने चाचपलं. मग तळहात पुढे केला. गुंड्या धावत आला, सगळं खाल्लं आणि त्यांचा हात चाटत बसला.



"एवढा मोठा तुकडा गिळत न्हाई तो," सासूबाई त्याचं तोंड पदराने पुसत म्हणाल्या. "रोज दुपारी आक्काकडं असंच बारीक करून भरवावं लागतंय."