मीठ आधी, पाणी मग

"हात परत धू. मेंढरांचा वास येतोय."

सर हे वीस जणांसमोर बोलले. मी तिसऱ्यांदा साबण लावला. मागं दोघीजणी हसल्या. टेबलावर बाटलीत रक्त होतं, आमच्याच मेंढीचं. रहिमतपूरजवळच्या रानात आबानं, म्हणजे माझ्या बापानं, मेंढीची मान धरली होती. मी शीर शोधली होती. बाटली बर्फात ठेवून एसटीनं साताऱ्याला आणली होती. त्या रक्ताचा वास कुणाला आला नाही. रक्त चाललं. हात चालले नाहीत.

मी एम.एस्सी.ला होते. शरीरक्रियाशास्त्र. सर माझे गाईड. दर आठवड्याला रक्त मीच आणायचं, असं ठरूनच गेलं होतं. कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

प्रयोग साधा होता. तांबड्या पेशी मिठाच्या पाण्यात शाबूत राहतात. मीठ कमी करत नेलं की पेशी पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. शाबूत असतील तर काचेची नळी गढूळ दिसते, मागं धरलेला कागद वाचता येत नाही. फुटल्या की नळी लालच राहते, पण आरपार. मागची अक्षरं वाचता येतात.

पहिल्यांदा ती अक्षरं दिसली आणि मला आबा आठवला. तहानलेलं मेंढरू पाण्यावर आलं की आबा त्याला तोंड लावू देत नाही. आधी कमरेच्या पिशवीतलं खडेमीठ चाटवतो. मग चार घोट. मग मागं ओढतो. परत चार घोट. "एकदम ढोसलं की लाल मुततंय, आन् मरतंय," म्हणतो. त्याला त्याच्या बापानं शिकवलं. पेशी हा शब्द दोघांनाही ठाऊक नाही.

हाच माझ्या प्रोजेक्टचा विषय, असं मी सरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "धनगरी गोष्टी विज्ञानात येत नाहीत."

पुढच्या सत्रात त्या आल्या. पोस्टरवर. वर तीन नावं: सर आणि त्यांचे दोन लाडके विद्यार्थी. खाली बारीक अक्षरात, स्थानिक मेंढपाळांच्या सहकार्याने. मी ते पोस्टर भिंतीला चिकटवायला मदत केली. हेही लिहिलं पाहिजे.

पोस्टर बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते. सरांनी आबाला बोलावलं. पटका बांधून या, घोंगडं आणा, एक कोकरू आणा, आदल्या दिवसापासून पाणी दाखवू नका. फोटोत ते पाणी पिताना हवं होतं. आबा टेम्पोतून आला. पटका धुतलेला होता. मला हळूच म्हणाला, "बाय, तुज्या सायबास्नी काय बोलायचं आसंल तर आदीच सांग."

पोस्टरसमोर फरशीवर टब ठेवला. कोकरू ओढ घेत होतं. आबानं पिशवीत हात घातला.

"आवं सायब, आदी मीठ चाटू द्या."

"मीठ पोस्टरवर आहे, बाबा," सर म्हणाले. पाहुणे हसले. "तुम्ही नुसतं उभं राहा. बोलू नका."

आबानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. माझ्या प्रोजेक्टच्या सर्टिफिकेटवर सरांची सही व्हायची होती. त्यानं मूठ पिशवीतून बाहेर काढली. कोकराची दोरी सैल सोडली.

कोकरानं टब रिकामा केला. फोटो झाले. पाहुणे चहाला गेले. तासाभरात कोकरू थरथरायला लागलं. मग पांढऱ्या फरशीवर ते लाल मुतलं. आबा खाली बसला, त्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दुसऱ्यांदा मुतलं तेव्हा मी प्रयोगशाळेतली नळी खाली धरली. हाताला तेवढंच काम येत होतं. थोड्या वेळानं ते हलायचं थांबलं.

सर परत आले. पाहुणे मागं होते. सरांनी मला बाजूला घेतलं. तुझ्या वडिलांनी रोगट जनावर आणलं, तसं लिहून दे, म्हणजे विषय संपला. लगेच. इथंच.

मी नळी पोस्टरसमोर धरली. लाल आणि आरपार. त्या लालातून तिन्ही नावं वाचता येत होती. मी ती मोठ्यानं वाचली. आमच्या टेबलावर जे रोज फुटत होतं, ते या कोकराच्या अंगात फुटलं होतं.

मग कागद मागितला आणि लिहिलं: तहानलेल्या कोकराला भरपूर साधं पाणी पाजलं. मेंढपाळानं मीठ पुढं केलं. त्याला अडवलं. मला माहीत होतं. मी गप्प राहिले. खाली सही केली.

"सही कुणाची लागते तुला, माहीत आहे ना?" सरांनी विचारलं.

"माहीत आहे."

ती सही झाली नाही. वर्ष वाया गेलं. सांगलीला दुसऱ्या कॉलेजात प्रवेशाचं विचारलं, तिथल्या बाईंनी जुन्या गाईडचं पत्र मागितलं. कुलगुरूंना अर्ज केला, उत्तर नाही. त्या दिवसाबद्दल आबा एकदाच म्हणाला, "तू नुसतं वर बगितलं आसतंस, तर म्या टब लाथंनं पालथा क्येला आसता."

 

आता मी मेंढरांच्या तळावरच नळ्या लावते. मिठाचं पाणी स्वतः बनवते, मागं जुना पेपर धरते, अक्षरं दिसली की लिहून ठेवते. कॉलेजला रक्त जात नाही. दुसरी वही चालू आहे. पहिल्या पानावर दोन नावं आहेत. आधी आबाचं, मग माझं. हे काम कुठं छापून येईल मला ठाऊक नाही. पण जिथं येईल तिथं ही दोन नावं याच क्रमानं येतील, नाहीतर ते काम कुणाला मिळणार नाही. आणि आबा बोलायला लागला की मी मान खाली घालणार नाही.