व्हर्लीनबाईंची तीन मिनिटं

व्हर्लीन हाउगस्टाड यांनी आठवीला नागरिकशास्त्र आणि अमेरिकेचा इतिहास शिकवण्यात एकतीस वर्षं घालवली, आणि एकतीस ऑगस्टांत शिक्षकांची एकतीस प्रशिक्षणं सोसली. त्यांतल्या एकाचाही त्यांना काडीचा उपयोग झाला नव्हता.

यंदा तर त्या पेटूनच आल्या होत्या. दर ऑक्टोबरात त्या मुलांना गावाने निवडून दिलेल्या शाळा मंडळाच्या बैठकीला नेत. प्रत्येक मूल माइकसमोर तीन मिनिटं उभं राहून मंडळाला एक प्रश्न विचारी. जूनमध्ये मंडळाने ते बंद केलं. कारण दिलं नाही, वर त्या जागी एक संगणकावरचा खेळ आणला. आजचं प्रशिक्षण त्याच खेळाचं होतं.

शाळेच्या जेवणघरात, मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून, नॉर्थ डकोटातले तेवीस शिक्षक पाणचट कॉफी पीत बसले होते. राज्याच्या राजधानीहून आलेली केंडल नावाची पोरगी पडद्यावर राज्यघटनेची पहिली दुरुस्ती दाखवत होती. धर्म, भाषण, वृत्तपत्रं, सभा, आणि शेवटी सरकारकडे दाद मागण्याचा हक्क.

व्हर्लीनबाईंनी हात वर केला. "मग मंडळाकडे दाद मागायला मुलांना का नेऊ देत नाही?"

"किती सुंदर प्रश्न!" केंडल हसली. "पार्किंगमध्ये लावू या हं!"

पार्किंग म्हणजे भिंतीवरचा मोठा कागद. त्यावर मोटारीचं चित्र. अडचणीचा प्रश्न पिवळ्या चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचा, दिवसाच्या शेवटी बघू म्हणायचं.

"बाई, तिथे लावलेली गाडी परत निघालेली मी अजून पाहिली नाही," शेजारचा ड्वेन पुटपुटला. तो फुटबॉल शिकवायचा आणि वेळ उरला तर इतिहास.

"तू गप्प बस. तुला कधी प्रश्न पडलाय?"

दिवसाचा शेवट चार वाजता झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केंडलने तो कागद गुंडाळला आणि कॉफीच्या कपांबरोबर कचऱ्याच्या डब्यात कोंबला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि व्हर्लीनबाईंना त्याचाच जास्त संताप आला. त्यांनी सगळ्यांदेखत डब्यात हात घालून आपली चिठ्ठी काढली.

"अहो, ते खराब झालंय!" केंडल म्हणाली.

"खराब कॉफीने झालंय. प्रश्न चांगला आहे."

त्याच संध्याकाळी सहाला मंडळाची बैठक होती. वक्त्यांच्या यादीत बाईंनी नाव घातलं. अध्यक्षाच्या खुर्चीत कर्ट ऑस्टबी होता. चौदाव्या वर्षी त्याच माइकसमोर, बाईंच्या वर्गातला म्हणून, त्याने जेवायला वीसच मिनिटं का, असं विचारलं होतं. तेव्हाच्या म्हाताऱ्या अध्यक्षाने चष्मा काढून त्याला नीट उत्तर दिलं, आणि नाताळनंतर जेवणाची सुट्टी पाच मिनिटांनी वाढली. बाई ती गोष्ट अजून दर वर्गाला सांगत.

बाईंनी डागाळलेली चिठ्ठी वाचली. मुलांना इथे येऊ का देत नाही? एवढंच. उरलेली अडीच मिनिटं त्या कर्टकडे बघत गप्प उभ्या राहिल्या. कोणीतरी खोकलं. वेळ संपल्याची घंटी वाजली.

"धन्यवाद, मिसेस हाउगस्टाड," कर्ट कागदाकडे बघत म्हणाला. "लोकांच्या म्हणण्यावर मंडळ उत्तर देत नाही. नोंद घेतली आहे. पुढचं नाव?"

"कर्ट, वर बघ."

सवयीने त्याने वर बघितलं. वर्गात बघायचा तसंच.

"चूक माझीच आहे," बाई म्हणाल्या. "तुला इथे उभं राहून विचारायला शिकवलं. तिथे बसून उत्तर द्यायला शिकवायचं राहूनच गेलं."

"मिसेस हाउगस्टाड, तुमची वेळ संपली."

"हो, ते दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि दाराशी जाऊन सप्टेंबरच्या बैठकीच्या यादीत पहिलं नाव आपलं लिहून गेल्या.