धाबळीचा तुकडा

माझ्या डाव्या हातात बांगड्या नसतात. हळदीकुंकवाला गेले की कोणीतरी बाई आधी त्या हाताकडे बघते, मग माझ्या कपाळाकडे, मग पुन्हा हाताकडे. नवरा धडधाकट आहे, बँकेतून आला की आल्याचा चहा मागतो, असं एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तेव्हापासून विचारणं थांबलं. कुजबुज चालूच आहे. बनारसमधली आम्ही मराठी मंडळी मुळात थोडी, त्यामुळे एकमेकांवर लक्ष ठेवायला सगळ्यांना भरपूर वेळ असतो.

तो हात शाळेसाठी मोकळा ठेवलाय. मी शिकवते ती शाळा बनारसच्या लंका नावाच्या भागापुढे, एका आतल्या रस्त्यावर आहे. तेरा-चौदापासून एकोणीसपर्यंतची मुलंमुली, ज्यांच्या मनात वादळ उठलं की त्यांना ते आवरत नाही. कोणी खुर्च्या फेकतं, कोणी दिवसदिवस बोलत नाही, कोणी स्वतःलाच इजा करून घेतं. इथले ई-रिक्षावाले, ज्यांना आम्ही टोटोवाले म्हणतो, विचारतात, "पागलों वाला स्कूल?" पहिल्या वर्षी मी खाली उतरून भांडायचे. आता बसल्या जागी भांडते, म्हणजे उशीर होत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. मूल बिथरलं की आम्ही त्याला धरत नाही. धरून, दाबून, कोंडूनच ही मुलं इथवर आलेली असतात. उलट त्यानं आम्हाला धरायचं. आम्ही डावं मनगट पुढे करतो आणि गप्प उभे राहतो. मूल मनगट आवळतं, कधी इतकं की आमची बोटं बधिर होतात, आणि हळूहळू त्याचा श्वास जागेवर येतो. बांगडी असली तर फुटून दोघांनाही लागते. सांगायला सोपं आहे, पण मुलांना शिकायला महिने लागतात. समोरचा माणूस हात मागे घेणार नाही, हे त्यांना आधी पटावं लागतं.

ती आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. घर भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत. वडील भिक्षुकी करतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पूजा त्यांच्याकडे असतात. मोठा आवाज झाला की ती घाबरायची आणि स्वतःचा दंड चावायची, रक्त येईपर्यंत. दोन्ही दंडांवर जुने-नवे व्रण होते. शाळेतली एकटी मराठी मुलगी, म्हणून माझ्या वाट्याला आली. बोलायची मात्र हिंदीतच, सगळ्यांसारखी मलाही दीदी म्हणायची.

होळीच्या आधी एकदा रस्त्यावर कोणीतरी अचानक ढोल बडवला. तिचं तोंड दंडाकडे गेलं, अर्ध्यात थांबलं, आणि तिनं माझं मनगट धरलं. ढोल थांबेपर्यंत सोडलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्यासमोर रडले. आनंदानं रडत होते, पण तो बिचारा उगीच घाबरला. पावसाळा सरता सरता तिचे व्रण वाळले होते आणि नवा एकही नव्हता.

मग तिनं हेच घरी केलं.

पितृपक्षाचे दिवस. वडील गंगेत स्नान करून, सोवळं नेसून श्राद्धाला बसलेले. पाहुण्यांची लहान मुलं जिन्यात किंचाळत धावत होती. ही आतून आली आणि तिनं वडिलांचं मनगट गच्च धरलं. सोवळ्यातल्या माणसाला कोणी शिवायचं नसतं. शिवलं की पुन्हा स्नान, पुन्हा सगळं पहिल्यापासून. यजमान ताटकळले. त्यानंतर चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच झालं.

वडील शाळेत आले ते बसलेच नाहीत. मागे तिची आई पदर सावरत उभी.

"बाई, काय शिकवलंत तुम्ही पोरीला?" ते म्हणाले. "चावायची तर आपला हात चावायची. आता सकाळी सकाळी येऊन मला शिवते. परेशान झालोय मी. लोक नांदेडहून, परभणीहून गाडी पकडून येतात. त्यांना काय सांगू, आमच्या पोरीचा दिमाग ठीक नाही?"

"तिनं तुमच्यावर भरवसा ठेवला," मी म्हटलं.

"तो दुपारनंतर ठेवावा. अजून एकदा असं झालं तर मी तिला नागपूरला पाठवतो. माझ्या बहिणीच्या ओळखीचा आश्रम आहे. अशांना ठेवतात तिथे."

'अशांना' ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे गेली की पुन्हा कडीकोयंडा, पुन्हा दंडावर दात, हे मला समोर दिसत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलली.

"लोकरीला विटाळ नसतो ना हो?"

तिच्या घरी एक जुनी धाबळी होती. धाबळी म्हणजे जाड लोकरीचं वस्त्र. पूर्वी बायका सोवळ्यात तीच नेसून स्वयंपाक करायच्या. तिचा तुकडा कापून वडिलांच्या मनगटावर टाकायचा आणि पोरीनं वरून धरायचं. म्हणजे धरलंही आणि शिवलंही नाही. वडिलांनी डोळे मिटून बराच विचार केला. हरकत घेण्याजोगं त्यांना काही सापडलं नाही. आमच्या मोठ्या दीदी, म्हणजे मुख्याध्यापिका, खूश होऊन म्हणाल्या, "चलिए, साँप भी मर गया और लाठी भी नहीं टूटी." शास्त्रातून वाट काढायला आपल्या लोकांना कोणी शिकवावं लागत नाही, असं मी मनात म्हटलं. मलाही हायसं वाटलं होतं.

आणि ते जमलं. तपकिरी, खरखरीत, हातरुमालाएवढा तुकडा देवघराबाहेरच्या खुंटीवर टांगलेला असायचा. ती बिथरली की तुकडा घेऊन जायची, वडील मंत्र न थांबवता मनगट पुढे करायचे. आई मला फोनवर सांगायची आणि हसायची. नागपूरचं नाव निघेनासं झालं.

दिवाळी जवळ आली तशी गल्लीबोळांत फटाके वाजायला लागले. एक दिवस शाळेच्या भिंतीला लागूनच लड फुटली. ती थरथरायला लागली. मी नेहमीसारखं मनगट पुढे केलं, पण तिनं ते धरलं नाही. दप्तराकडे धावली, उलटसुलट शोधून तोच धाबळीचा तुकडा बाहेर काढला, माझ्या हातावर पसरला, आणि मग वरून धरलं.

"अगं, मी कुठे सोवळ्यात आहे?" तिचा श्वास जागेवर आल्यावर मी विचारलं.

"मालूम है," ती म्हणाली. "पर मेरा हाथ लगने से खराब हो जाता है न, दीदी."

अगदी सरळ आवाजात म्हणाली. नळाला आज पाणी नाही, असं सांगावं तसं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. व्रण दंडावर होते तेव्हा निदान दिसायचे तरी. मला तिच्या वडिलांचा इतका राग आला, आईचा आला, मोठ्या दीदींच्या त्या काठीचाही आला.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबरच तिच्या घरी गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. वडील जेवून बसले होते, अंगात साधा बनियन, सोवळं केव्हाच सुटलेलं. मी तिचं वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगितलं आणि भांडणाची वाट बघत थांबले.

ते रिकाम्या खुंटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, मीही माझ्या वडिलांना सकाळी कधी शिवलो नाही. दुपारी ते झोपायचे, संध्याकाळी पुन्हा पूजा. ते गेले तेव्हा खांदा दिला, तेवढंच. मला वाटलं, पोरालेकरांना याची सवय होते."

माझी जुळवलेली वाक्यं सगळी वाया गेली. मला त्या माणसाची कीव आली, आणि रागही पुरता गेला नव्हता.

त्यांनी तिला हाक मारली. ती येऊन उभी राहिली. त्यांनी डावं मनगट पुढे केलं.

"ये बेटा. धर. आत्ता सोवळं नाहीये."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दप्तरातून तुकडा काढला आणि त्यांच्या मनगटावर घातला. दोन्ही कडा खाली खोचल्या, कुठे कातडी उघडी राहू नये म्हणून, आई भाकरीवर फडकं झाकते तशा. आणि वरून अगदी हलक्या हातानं धरलं.

"काढ ते," वडील म्हणाले. "काही होत नाही. काढ."

तिनं मान हलवली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच. वडिलांनी दुसऱ्या हातानं धाबळीचं टोक धरून ती हळूच ओढली. तुकडा निघाला, आणि तिची बोटं क्षणभर त्यांच्या कातडीला लागली. चटका बसावा तसा तिनं हात मागे घेतला आणि तोंड दंडाकडे नेलं.

खाली घाटावर कोणाचा तरी मंत्र चालू होता. वडिलांनी तुकडा होता तसा पुन्हा आपल्या मनगटावर घातला, कडा स्वतःच खोचल्या, आणि ती परत धरेपर्यंत हात पुढे करून बसून राहिले.