तपासणीच्या चौकोनातली सही

शेवटच्या भेटीत सिराजभाईंचा उजवा हात सारखा थरथरत होता. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी चहा आला, पण त्यांना कप काही धरवेना. हसून म्हणाले, "शैला, जरा बोट ठेव गं. सर्किट नाचायलंय." मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. हात थांबला नाही, पण आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचा, नसीमचा फोन आला... अब्बा गेले. त्याला आता दीड महिना होईल. तो विनोद कुणाला सांगायचा तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

चिकलठाण्याच्या एका लहान कारखान्यात आम्ही मोजमापाची यंत्रं बनवायचो. सिराजभाई मूळचे खुलताबादचे, डिप्लोमा झालेले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी नुकतीच इंजिनिअर झालेली, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. धातूला तडा जायला लागला की कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज होतो. तो पकडणारं यंत्र एका गिऱ्हाइकाला हवं होतं. आवाज अगदी क्षीण, म्हणून तो कितीतरी पटींनी वाढवायचा. आणि क्षणात विरणारा, म्हणून वाढवणारं सर्किट चपळही हवं. ऑप-अँपमध्ये, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपमध्ये, या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. एका टप्प्यानं भागेना म्हणून मी एकामागे एक तीन टप्पे जोडले. पण प्रत्येक टप्पा थोडा उशीर करतो, तो उशीर साचतो आणि सर्किट स्वतःलाच उत्तरं देत बसतं. यालाच आम्ही नाचणं म्हणायचो. शांत करायला मोठा कपॅसिटर घालावा, तर ते सुस्तावतं.

माझं सर्किट मात्र टेबलावर शहाण्यासारखं वागत होतं. मधल्या टप्प्यावर ऑसिलोस्कोपचा, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब लावून मी दिवसचे दिवस ते कौतुकानं बघायची. सिराजभाईंनी दोनदा सांगितलं, "तो प्रोब काढून बघ की. घाई कायको करायलीस?" मी फणकारले, "मोजायचं सोडून काय करू?" गिऱ्हाईक आलं, प्रोब काढला, यंत्राच्या पेटीला झाकण लावलं आणि मीटरचा काटा जो टोकाला जाऊन चिकटला तो हलेना. प्रोबच्या अंगातच थोडा कपॅसिटर असतो. इतके दिवस माझं सर्किट त्याच्या जिवावर शांत होतं! मालकांना डिझाइनच्या कामाला बाई मुळातच नको होती. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. तेवढ्यात सिराजभाई पुढं झाले. "साहेब, तपासणी माझी होती. चूक माझी हाय. आठ दिवस द्या."

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी पेटी उघडली आणि मधल्या टप्प्यावर करंगळी टेकवली. काटा खाली आला, कारण माणसाच्या बोटातही प्रोबसारखाच थोडा कपॅसिटर असतो. करंगळी उचलली, पुन्हा टोकाला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "घालते मोठा कपॅसिटर." "नक्को बेटा," ते म्हणाले. "भारी सामान घाटातून एसटीनं सावकाश येऊ दे. चिठ्ठी सायकलवाल्याकडं दे, तो गल्लीतून येतो." मग त्यांनी कागदावर एक आडवाट काढली. सिग्नलचा सावकाश भाग तिन्ही टप्प्यांतून वाढत जाईल, चपळ भाग मधला टप्पा टाळून थेट शेवटच्याकडं पोचेल. गेन, म्हणजे वाढवायची ताकद, तसाच राहिला आणि वेगही आला. आठ दिवसांनी गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

सर्किटच्या नकाशाच्या तळाशी दोन चौकोन असायचे, आखणी आणि तपासणी. पहिल्यात सिराजभाईंनी स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलं, दुसऱ्यात आपली सही केली. "माझी नोकरी पक्की हाय. तुझी व्हायचीय," म्हणाले. मी गप्प बसले. नोकरी टिकली, बढत्या मिळाल्या, पुढं कारखान्यात ती वाट 'शैला मॅडमची आडवाट' म्हणूनच ओळखली जायला लागली. सिराजभाई तपासणीतच निवृत्त झाले. त्या नावानं कुणी हाक मारली की मला माझाच राग यायचा, आणि तरीही मी हसून मान डोलवायची. त्या शेवटच्या भेटीत मी खरं तर हेच बोलायला गेले होते... हसण्यात राहून गेलं.

परवा नसीमकडं गेले. तिनं कपाटातून तोच नकाशा काढून दिला. "अब्बांनी लई जपला होता. म्हणायचे, शैलानं केलं हे." घरीसुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. मग मीच सगळं सांगितलं. तिनं नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाली, "आंटी, हे लिहा. छापून येऊ द्या."

म्हणून लिहिलं. नकाशा आता समोर आहे. आखणीतलं माझं नाव मी खोडलं आणि तिथं त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, सिराजुद्दीन. तपासणीच्या चौकोनात त्यांच्या सहीखाली थोडी जागा होती. तिथं माझी सही करताना माझा हात थरथरायला लागला, तेव्हा मी डाव्या हाताचं बोट मनगटावर ठेवलं.