गच्चीवरच्या सहा बश्या

“एकोणतीस झालं हो, एकोणतीस. घरात काय बसलात, बाहेर निघा, जळगावात थंडी पडली.”

केळीवाले भाऊ भर रस्त्यात उभे राहून ओरडत होते. दुपारचे दोन वाजायला पाच मिनिटं कमी आणि दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. भाऊ मूळचे सावद्याचे. केळीच्या धंद्यात ट्रकवाल्यांशी बोलून बोलून त्यांचा आवाज असा झालाय की त्यांनी घरात बायकोकडे मीठ मागितलं तर शेजारच्या चार घरांतून वाट्या येतात. ते ओरडले आणि अख्खी गल्ली बाहेर आली.

समोर आबांच्या गॅलरीत ती तापमानाची पाटी होती. लाल ठिपक्यांची, हातभर लांब. अर्ध्या तासापूर्वी तिच्यावर त्रेचाळीस पॉइंट सहा होतं, मी स्वतः सुपारी कातरताना पाहिलं होतं. आता तिथे सरळ एकोणतीस.

पुढचं ऐका आणि हवं तर अर्धं सोडून द्या, उरलेलंही पुष्कळ आहे. भाऊंनी डोक्याचा रुमाल सोडला आणि म्हणाले, “तरीच म्हटलं, आज हवेत गारवा शे.” समोरच्या म्हातारबाबांनी नातसुनेकडे शाल मागितली. दोन घरांतले कूलर बंद झाले. मलाही, खोटं कशाला बोलू, पाठीवर शिरशिरी आली. पायाखाली डांबर वितळत होतं आणि आम्ही पंधरा-वीस शहाणी माणसं त्यावर उभी राहून एकमेकांना “सर्दी सांभाळा” सांगत होतो. पाटीवर आलं होतं ना. आबांची पाटी खोटं बोलत नाही, हे गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

एकटे आबा गॅलरीत पांढरेफटक पडून उभे होते.

असा एक माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे आबा जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी करून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी हातात कथलाची तार नि तापती कांडी घेऊन बसले. बोटभर हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगळ्यासारखी काळी चिप. आबा तिला ‘मेंदू’ म्हणायचे. त्या मेंदूला चार वायरी जोडल्या की समोर लाल ठिपके लागायचे आणि आबांचा चेहरा त्यांच्यापेक्षा जास्त उजळायचा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी ते जिभेला लावून तपासत. डोळे मिटत, क्षणभर थांबत आणि निकाल देत, “हिच्यात जीव आहे,” नाहीतर, “गेली बिचारी.” पुढे पुढे तर त्यांना जिभेवर दुकानदारसुद्धा कळायचा, असं माझं मत आहे.

त्यांचं पहिलं यंत्र म्हणजे दारावरची बेल. दाबली की बाहेर ठिपक्यांत अक्षरं सरकायची, ‘थांबा, चप्पल शोधतोय.’ आणि आबा खरोखरच चप्पल शोधत असायचे. एकदा मी बेल दाबली तेव्हा त्यांच्या पायात दोन्ही चपला होत्या. खिडकीतून मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी एक चप्पल काढली, पायाने पलंगाखाली सारली, वाकून शोधली, घातली आणि मगच दार उघडलं.

“आबा, हे काय?”

“पाटी खोटी पडली असती,” आबा म्हणाले.

मग कुकरच्या शिट्ट्या मोजायचं यंत्र आलं. आमच्या गल्लीच्या मागून रेल्वे जाते, हे यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं. मालगाडीने तीन शिट्ट्या दिल्या, कुकरने एक. यंत्राने चार मोजल्या आणि अक्कांनी, म्हणजे आबांच्या बायकोने, गॅस बंद केला. त्या दिवशी आबांनी तुरीची डाळ दाताने फोडून खाल्ली आणि वर म्हणाले, “शिट्ट्या चारच झाल्या होत्या.”

कूलरमधलं पाणी संपलं की स्वयंपाकघरात ‘पाणी’ असं चमकणारी पाटी मात्र दोनच दिवस टिकली. अक्कांनी विचारलं, “पाणी संपल्याचं तुमच्या यंत्राला कळतं, तुम्हाला कळतं, मग माझ्यासमोर कशाला चमकतंय?” पाटी आबांच्या खुर्चीसमोर आली आणि बादलीही.

आबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. गॅलरीत त्या मोठ्या पाटीचे चार बोल्ट अजून आहेत. नवा माणूस गल्लीत राहायला आला की आम्ही त्याला ते दाखवतो, लोक किल्ला दाखवतात तसे.

ती पाटी आबांची सगळ्यात लाडकी. बाजारच्या तयार पाटीत फक्त इंग्रजी आकडे. आबा म्हणाले, “ऊन आपलं, आकडे दुसऱ्याचे कशाला?” चौकटीच्या वहीत ठिपका ठिपका काढून त्यांनी मराठी आकडे बसवले. आठ ठिपक्यांच्या उंचीत पाच बसेना. तीन आठवडे गेले. कधी त्याला पोट सुटायचं, कधी शेपूट तुटायची. शेवटी बसला तेव्हा आबांनी गल्लीत पेढे वाटले. पाच बसल्याचे पेढे मी आयुष्यात तेवढेच खाल्ले.

तापमान मोजायची पोलादी सळई गच्चीवर होती. तिला थेट ऊन लागू नये, वारा मात्र लागावा, म्हणून आबांनी अक्कांच्या पांढऱ्या कपबश्यांतल्या सहाच्या सहा बश्या उचलल्या, मधोमध भोकं पाडली आणि एकावर एक अंतर ठेवून तिच्यावर छत्र्यांसारख्या बसवल्या. त्या दिवसापासून त्या घरात पाहुण्याला नुसता कप मिळायचा. बशीत ओतून फुर्र करून पिणारी आमची माणसं, कप हातात धरून बोटं भाजत बसायची. अक्का सांगायच्या, “बश्या नोकरीला लागल्या. गच्चीवर.”

पाटीने गल्ली प्रसिद्ध झाली. पंचेचाळीस लागलं की दुसऱ्या कॉलनीतली माणसं सहकुटुंब येऊन पाटीखाली फोटो काढायची. आपल्याकडे नदी नाही, डोंगर नाही, पण ऊन आहे, आणि त्यात आपण कोणाला ऐकणार नाही, हा गल्लीचा बाणा. एकदा केळीवाल्या भाऊंनी शिष्टमंडळ नेलं.

“आबा, पुण्याचे पाहुणे येताहेत. दोन डिग्री वाढवून द्या.”

“नाही जमणार.”

“एक तरी? पाहुणे सेहेचाळीस समजून आलेत. चव्वेचाळीस दाखवलं तर काय तोंड दाखवायचं?”

“भाऊ,” आबा म्हणाले, “यंत्राला भीड नसते.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी आग्रह केला, गळ घातली, शपथ घातली, की हेच.

आता खरी गोष्ट. आबांना एकच लेक, धुळ्याला दिलेली. व्याह्यांचं, आमच्याकडे त्यांना याही म्हणतात, मोटारी रिवाइंड करायचं दुकान. म्हणजे तेही वायरींतलेच. लग्नात रुखवत मांडला तेव्हा शेवया, कुरडया आणि साखरेच्या देवळाच्या मधे आबांनी अशीच एक पाटी ठेवली होती. बायका तिला हळदकुंकू लावून गेल्या. याह्यांनी ती धुळ्याला दुकानावर लावली. मग दोघांनी इंटरनेटवरून दोन्ही पाट्या एकमेकींना जोडल्या. इथेही दोन आकडे, तिथेही दोन. वर जळगाव, खाली धुळे. दोन म्हातारे रोज दुपारी फोनवर, प्रकृती कशी म्हणून नाही, तर पॉइंट किती म्हणून बोलायचे.

त्या वर्षी लेकीला पाच महिन्यांची मुलगी होती. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. दिवाळीला नाही आली तर लोक विचारतात, आखाजीला नाही आली तर लोक बोलतात. आबांनी आठ दिवस आधीच अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, आणि त्याच्या शेजारी बाळासाठी टोपलीचा एवढासा दुसरा. आणि याह्यांचा फोन आला.

“याही, इतल्या उन्हात पोरले कसं धाडू? धुळ्याला बेचाळीस, तुमच्याकडे चव्वेचाळीस. मी नाही म्हणत, तुमचं यंत्रच म्हणतं.”

आबांनी पाटीकडे पाहिलं. स्वतःचंच यंत्र.

“असं करू,” याही म्हणाले. “आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत ज्या दिवशी दोनच्या ठोक्याला जळगाव धुळ्याच्या खाली उतरेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीला पाठवतो. शब्द.”

“मान्य,” आबा म्हणाले. “यंत्राला भीड नसते.”

अक्का आतून ऐकत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की घरातलं मांजर दोन गल्ल्या सोडून राहायला जायचं, ते गेलं.

सात दिवस आबा रोज दोन वाजता पाटीखाली उभे राहिले. सात दिवस जळगाव वर. एकदा फक्त पॉइंट तीनचं अंतर उरलं, तेव्हा आम्ही सगळे फुंकर मारल्यासारखे श्वास सोडत होतो. गल्ली पहिल्यांदाच ऊन कमी व्हावं म्हणून उभी होती. केळीवाले भाऊ म्हणाले, “आबा, कोणाला कळतंय? दोन डिग्री खाली घ्या.” आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊ आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात “राहू द्या” म्हणाले.

आणि आठव्या दिवशी, दोनला पाच कमी असताना, एकोणतीस.

फोन लगेच वाजला. आबांनी तो उचलला, कानाला न लावता हातात तसाच धरला आणि जिना चढू लागले. मी मागे. फोनमधून याही बोलत होते, “याही, जयगावले बरफ पडना का काय?”

गच्चीवर पाय ठेवला की तळवे पापडासारखे फुलत होते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोक्यावर पदर घेऊन अक्का बसल्या होत्या. त्या दीडपासून तिथेच होत्या, हे नंतर कळलं. हातात तांब्या, शेजारी बादली. बश्यांच्या उतरंडीला ओला पंचा गुंडाळलेला, माठाला गुंडाळतात तसा, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

“हे काय?” आबा म्हणाले.

“बश्या माझ्या आहेत,” अक्का म्हणाल्या. “तापल्या होत्या.”

फोन म्हणाला, “दोन वाजले, याही. तुम्ही एकोणतीस, आम्ही बेचाळीस. शब्द म्हणजे शब्द. उद्या पाठवतो पोरीला. ऐकू येतंय ना?”

मी आबांच्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होतो, बोलू नका, देवाची शपथ बोलू नका. इतकी वर्षं मी एका आंब्याचे पाटीभर आंबे करून सांगत आलोय, कोणाचं काय बिघडलं? अक्का काही खुणा करत नव्हत्या. त्या फक्त बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्यासमोर मी असतो तर जळगाव शून्याखाली नेलं असतं.

आबांनी फोन तोंडाजवळ आणला.

“याही, पंचा आहे. ओला पंचा. खरं त्रेचाळीस पॉइंट सहा.”

पलीकडून याही म्हणाले, “आमचं बेचाळीस पॉइंट एक शे.”

“हो. दिसतंय मला.”

अक्कांनी बादली उचलली आणि त्या खाली गेल्या. त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे पायरीवर उमटले आणि दुसरं पाऊल पडायच्या आत पहिलं सुकलं. हे मी वाढवून सांगत नाही.

संध्याकाळी गल्लीने एक गोष्ट पाहिली. पाटी विझलेली होती. आबांनी गच्चीवरून सहाही बश्या सोडवल्या, राखेने घासल्या आणि स्वयंपाकघरात फळीवर ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या मधोमध बोटभर भोक. त्यांत चहा ओतला तर सरळ मांडीवर. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, एक बशी उचलून उजेडाकडे धरली, भोकातून आबांकडे पाहिलं आणि परत ठेवली. पुरण मात्र त्यांनी शिजवायला टाकलं होतं. कोणासाठी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आखाजीच्या सकाळी मी दात घासत दारात उभा होतो. साडेआठ वाजत होते. आबा निंबाखाली टोपलीच्या झोक्याची गाठ सोडत बसले होते. वर्षानुवर्षं वायरी जोडलेल्या त्या हातांना ती गाठ सुटत नव्हती, की सोडवायची नव्हती, कोण जाणे. तेवढ्यात कोपऱ्यावरून रिक्षा आली आणि लेक उतरली. खांद्यावर बाळ, बाळाच्या डोक्यावर टोपडं, हातात पिशवी. केळीवाले भाऊ जे ओरडले ते रेल्वेच्या इंजिनाला ऐकू गेलं असेल. आबा उठायच्या आत अक्का भाकरीचा तुकडा ओवाळायला बाहेर आल्यासुद्धा.

आबा अजून गुडघ्यांवर हात टेकून उठत होते, म्हणून मीच पुढे झालो.

“अगं, तुझ्या सासऱ्यांनी सोडलं?”

“त्यांनीच स्टँडवर नेऊन बसवलं.”

“आणि ऊन? आठ दिवस इथे नि धुळ्यात दोन दोन इंजिनीयर पॉइंट मोजताहेत.”

तिने बाळ आबांच्या हातात दिलं आणि पिशवी खाली ठेवली.

“मी सहाच्या बसने आले, काका. सहाला ऊन नसतं.”